सातभाईंचा संसार

पक्षी पाहावयाचे तर रानावनात गेले पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः परसात एखादे आंब्याचे किंवा लिंबोणीचे झाड आणि त्याखाली थोडा पालापाचोळा असला म्हणजे पुरे. मळकट तपकिरी रंगाच्या व पिवळसर चोचीच्या पक्ष्यांची एक टोळी तेथे कलकलाट करीत पाने उलथीपालथी करू लागते. हेच आपले सातभाई. गुजरातेत त्यांस ‘लेलां’ म्हणतात, तर इंग्रजांनी त्यांना ‘सात बहिणी’ असे नाव दिले. भाऊ म्हणा की बहिणी म्हणा, हे एक कुटुंब आहे, ही गोष्ट पाहणाऱ्यांच्या ध्यानी आली होती खरी.

या कुटुंबाचा अभ्यास करण्यात वडोदरा शहराचा मोठा वाटा आहे. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातून १९६३ साली ‘पावो’ नावाचे पक्षिशास्त्रविषयक नियतकालिक निघू लागले. पावो हा मोराचा लॅटिन शब्द होय. त्यात एम. आय. अँड्र्यूज व आर. एम. नाईक यांचे सातभाईंवरील निबंध १९६५ व १९७० साली प्रसिद्ध झाले. पुढे दिल्लीच्या परिसरात ए. जे. गॅस्टन यांनीही याच पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले.

विद्वानांनी लिहून ठेवलेले पुष्कळसे आम्हांस वडोदऱ्यातील आमच्या परसात, पावसाळ्याच्या दिवसांत, डोळ्यांनी पाहावयास मिळाले. दाट पानांच्या आड, काटक्या व मुळ्या गुंफून केलेले वाटीसारखे घरटे होते. त्यात निळीभोर अंडी. ती बहुधा तीन किंवा चार असतात. पिल्ले बाहेर आली आणि खरे नवल सुरू झाले. चोचीत अळी किंवा नाकतोडा घेऊन येणारे पक्षी दोनच नव्हते! एक भरवून गेला की दुसरा येई, त्याच्यामागून तिसरा. टोळीत बहुधा एकच जोडी अंडी घालते, परंतु बाकीची मंडळीही पिल्लांना भरवू लागतात. त्यांतील कित्येक मागच्या विणीची भावंडे असतात. तरुण नर बहुधा आपल्याच टोळीत राहतात; माद्या मोठ्या झाल्या म्हणजे पुष्कळदा दुसरीकडे जातात. सारे खाली चरत असता एखादा उंच फांदीवर पहारा करतो. साप किंवा मांजर दिसले की त्याची एक हाक पुरते. सगळी टोळी धावून येते व शत्रूभोवती असा गिल्ला करते की त्यास पाय काढता घ्यावा लागतो.

या संसारात एक परके बाळही वाढते. मृगाच्या सुमारास येणारा चातक आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो. अंड्याचा रंग तसाच निळा, म्हणून ते ओळखू येत नाही. आमच्या परसातील घरट्यातही असे एक पिल्लू निघाले. सातभाई दिवसभर त्याच्या लाल चोचीत घास घालीत होते. घरातील लहानांना याचा फार राग आला. “हे चोराचे पोर काढून टाकू या,” असा त्यांचा आग्रह. आम्ही नको म्हटले. चातकाचे पिल्लू घरच्या पिल्लांना घरट्याबाहेर ढकलीत नाही, त्यांच्याबरोबरच वाढते. घरच्यांच्या वाट्याचा घास कमी होतो, हे मात्र खरे. तथापि हाच चातक मोठा होऊन, इतर पक्षी टाळतात अशा केसाळ सुरवंटांवर ताव मारतो. कोणास ठेवावे व कोणास काढावे, हा निवाडा करण्याइतके ज्ञान आपल्यापाशी आहे काय, असे आम्ही मुलांना विचारले. मुले गप्प झाली. पण त्यांचा राग पुरता गेला असे म्हणवत नाही.

आपल्या अंगणात घरटे दिसले तर काय करावे? प्रथम म्हणजे दुरून पाहावे. वारंवार फांद्या दूर केल्यास कावळ्याला व मांजराला वाट सापडते. विणीच्या दिवसांत झाडांची छाटणी लांबणीवर टाकावी. सातभाईंची पिल्ले नीट उडता येण्यापूर्वीच घरटे सोडतात. असे पिल्लू जमिनीवर सापडले तर ते घरात आणू नये. जवळच्या झुडपात उंचावर ठेवून आपण दूर व्हावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकून देतात, हा समज खरा नव्हे. अंडी काढणे व घरटे मोडणे यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही मनाई केली आहे, हे मुलांना सांगून ठेवावे.

झाडाखालचा पाचोळा रोज झाडून जाळण्याची आपल्याकडे रीत आहे. एक कोपरा तसाच राहू द्यावा. त्यात किडे होतात, आणि त्या किड्यांवरच सातभाईंची पिल्ले वाढतात.