भाषेचे भांडवल आणि पोलंडचा घरबसला नोकरदार

१ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात दाखल झाला, त्या वेळी तेथील काम करू इच्छिणाऱ्या दर पाच माणसांमागे जवळजवळ एक बेकार होता. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तीनच देशांनी आपल्या श्रमबाजाराची दारे पहिल्या दिवसापासून उघडली. शेजारच्या जर्मनीने मात्र ती २०११ पर्यंत लावून ठेवली. तरुणांचे लोंढे कोणत्या दिशेला गेले, हे निराळे सांगायला नको. इंग्लंड-वेल्समध्ये इंग्रजी आणि वेल्श वगळता सर्वाधिक लोकांची मुख्य भाषा पोलिश आहे, असे २०२१ च्या शिरगणतीत आढळले. त्यांची संख्या सहा लाखांवर होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आश्रयाला आलेल्या निर्वासितांची हीच भाषा.

माणूस कामाकडे गेला, तो हा काळ. आता काम माणसाकडे येऊ शकते, आणि पोलिश जाणणाऱ्याला घरी बसून काम मिळेल काय, हा प्रश्न डब्लिनमधील गृहिणी आणि पूर्व पोलंडमधील पदवीधर सारख्याच उत्कंठेने विचारीत आहेत. मात्र या दोघांचे हितसंबंध एक नाहीत, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

क्राकूव्ह, व्रोत्स्वाफ या शहरांत परदेशी कंपन्यांची हिशेब व ग्राहकसेवा सांभाळणारी मोठमोठी कार्यालये आहेत. तेथे जर्मन किंवा डच जाणणाऱ्याला जादा पगार मिळतो. पोलिशसाठी कोणी वेगळा पैसा मोजत नाही. पावणेचार कोटी लोक जी भाषा बोलतात तिला त्यांच्याच देशात दुर्मिळतेची किंमत कशी येणार? ती किंमत येते डब्लिनमध्ये. परंतु दूरस्थ काम नेमकी हीच दुर्मिळता नाहीशी करते. पोलिश ग्राहकाच्या दूरध्वनीला उत्तर देणारा माणूस जेशूव्हमध्ये बसून तेच काम करू शकत असेल, तर आयरिश मालकाने डब्लिनचे घरभाडे परवडेल असा पगार का द्यावा? अंतर मिटले की अंतराचा मोबदलाही मिटतो. त्यातच साध्या पत्रांची भाषांतरे यंत्रे करू लागली आहेत. केवळ भाषेवर विसंबणाऱ्याचे दिवस कठीण आहेत, असेच म्हणावे लागेल.

भाषेला जेथे विद्येची जोड मिळते तेथे चित्र पालटते. पोलंडच्या कायद्यानुसार कंपन्यांचे हिशेब पोलिश भाषेत आणि पोलिश चलनातच ठेवावे लागतात. कर, विमा, वेतनपत्रके यांचा सारा व्यवहार त्याच भाषेत चालतो. त्यामुळे तेथे धंदा करणाऱ्या परदेशी कंपनीला पोलिश जाणणारा हिशेबनीस टाळता येत नाही, मग तो कोठेही बसलेला असो.

७ एप्रिल २०२३ पासून दूरस्थ कामाला पोलंडच्या श्रमसंहितेत स्थान मिळाले. वीज आणि दूरसंचाराचा खर्च मालकाने द्यायचा आहे. गर्भवती स्त्री किंवा चार वर्षांपर्यंतच्या मुलाचे आईबाप यांनी घरून काम मागितले, तर कामाचे स्वरूप किंवा व्यवस्था आड येत नसेल तोवर नकार देता येत नाही. तरतूद चांगली आहे. परंतु ती नोकराला लागू आहे, आणि अशी पुष्कळ कामे 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणून करार करून दिली जातात. मग विम्याचा हप्ता स्वतःचा, आजारपणही स्वतःचे, आणि वीजबिलाबद्दल तर बोलायलाच नको. जाहिरातीतला पगाराचा आकडा वाचताना या वजाबाक्या आधी कराव्या लागतात.

सीमेपलीकडच्या मालकासाठी काम करणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. सामाजिक विमा कोणत्या देशात भरायचा, हे काम प्रत्यक्ष जेथे होते त्यावर ठरते. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या युरोपीय करारानुसार, राहत्या देशातून निम्म्यापेक्षा कमी वेळ काम करणाऱ्याला मालकाच्या देशातील विमा चालू ठेवता येतो. त्यावर पोलंडची व जर्मनीची सही आहे. म्हणजे पोलंडच्या सरहद्दीवर राहून बर्लिनच्या कंपनीसाठी आठवड्यातून दोन दिवस घरी बसणे सुलभ; पाचही दिवस बसायचे तर तो करार उपयोगी पडत नाही.

घरी बसून बॉलपेने जोडण्याचे काम देतो, आधी सामानाची अनामत भरा, ही पोलंडमधील जुनी फसवणूक. आज पेनांच्या जागी 'प्रशिक्षण शुल्क' आले आहे. सरकारी रोजगार कार्यालये आणि त्यांना जोडलेले 'युरेस' हे युरोपीय जाळे यांच्याकडे नोकरी शोधणाऱ्याला पैसे मोजावे लागत नाहीत. तरीही अनामत भरणारे भेटतातच, आणि त्यांत लहान मुलांमुळे घराबाहेर पडता न येणाऱ्या माताच अधिक सापडण्याची भीती आहे.