देव दिसतो, पत्ता दिसत नाही

नारायणगावहून जुन्नरकडे किंवा मंचरहून घोडेगावकडे निघालं की रस्त्याकडेला देव भेटत राहतात. वेशीवर मारुती, बांधावर म्हसोबा, पाण्याजवळ साती आसरा, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात वाघोबा. लोक गाडी थांबवतात, वाकून शेंदरी दगड टिपतात आणि निघतात. त्या फोटोतला म्हसोबा कुठलाही असू शकतो. तो इथेच का बसला, हे सांगणारा बांध, ओढ्याचा उतार, फुटणारी पायवाट सगळं चौकटीबाहेर राहिलेलं असतं. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी या मुलखात पायी हिंडले ते अशा जागांसाठीच. मातृदेवतांची ठाणी आणि जुन्या वाटांचे तिठे यांचं नातं त्यांनी १९६२च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त मांडलं. म्हणून पहिला फोटो मागे सरकून, वाटेसकट घ्यावा.

जवळून घेताना अडचण शेंदराची. तेलात कालवलेला शेंदूर चकाकतो आणि मोबाइल केशरी रंग इतका भडक करतो की नाक-डोळे सपाट डागात विरतात. स्क्रीनवर देवावर बोट टेकवून उजेड थोडा उतरवावा. फ्लॅश नकोच.

वीरगळाचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचं, तंत्र वेगळं. खालच्या चौकटीत लढाई, कधी त्यासोबत गाई; मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा; वर शिवलिंगाची पूजा; माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात दुमडलेला हात. झिजलेलं कोरीव काम भर दुपारी दिसतच नाही. तिरकं ऊन हवं, किंवा सोबत्याने बाजूने धरलेला टॉर्च. संध्याकाळचं ऊनही चांगलं, पण जुन्नरच्या उसात ती बिबट्याची वेळ. सकाळीच जावं. वाघोबाला भेटायचं तर आश्विनातल्या वाघबारशीला, महादेव कोळ्यांच्या वस्तीवर, आधी विचारून.

आता तारखेचं. आयर्लंडमध्ये येशूची आई मेरी हिला वाहिलेल्या १९५४च्या ‘मेरियन वर्षा’त रस्तोरस्ती तिच्या मूर्ती उभ्या राहिल्या, तिथल्या अनेक देवळ्यांचं वय त्यामुळे सांगता येतं. आपल्या म्हसोबाला साल नसतं, निदान फोटोला तरी तारीख असावी. रस्ता रुंद झाला की देव मागे सरकतो, जीर्णोद्धारात टाइल्स आणि ग्रिल येतात. टाइल्स दिसल्या म्हणून नाक मुरडू नये, त्याही टिपाव्यात. पूजा चालू असल्याची ती खूण आहे. हार बाजूला सारू नये. शेजारच्या घरी देवाचं नाव आणि पुजणारं घराणं विचारून लिहून घ्यावं. एकाकी वीरगळाचं नेमकं ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये. कोरीव दगडांना गिऱ्हाईक असतं.