पेटीतली चार रिळे

मरहूम अब्बा कुवेतहून येताना छोटा कॅमेरा घेऊन आले होते. यंदा अम्मीची लोखंडी पेटी उघडली, तर तळाशी त्याची चार रिळे निघाली. डबा उघडताच सिरक्याचा वास! मुलांना वाटले लोणचे सांडले. वास फिल्मचाच होता. ॲसिटेटची पट्टी दमट हवेत कुजू लागली की असा वास येतो. ते थांबत नाही. थंड, कोरड्या जागी मंदावते. वासाचे रीळ आम्ही लगेच वेगळे केले.

आमची फिल्म सुपर ८, म्हणजे १९६५ नंतरची. हिची कडेची भोके लहान, चित्राच्या मध्याशी असतात. १९३२ पासूनच्या जुन्या ८ मिलिमीटर फिल्मची मोठी, दोन चित्रांच्या सांध्याशी. रुंदी एकच, म्हणून फसगत होते.

मामू जुना प्रोजेक्टर आणतो म्हणाले. आम्ही ठाम नको म्हटले. आकसलेली पट्टी त्यात तुटते, अडकली तर दिव्याने जळते. शिवाय घरगुती फिल्मला बहुधा निगेटिव्ह नसतेच; कॅमेऱ्यातली पट्टीच धुऊन पडद्यावर लागे. ती गेली की संपले. स्कॅन करणाऱ्याकडे आधी एकच रीळ दिले. ५० फुटांत तीन मिनिटे वीस सेकंद!

देण्यापूर्वी पट्टी कडांनी धरून खिडकीच्या उजेडात पाहिली. ईदची सकाळ, अब्बा काहीतरी बोलत होते.

“आवाज येईल ना?” अम्मीने विचारले.

कडेला तांबूस चुंबकी पट्टी असती तर आला असता. आमच्या चारही रिळांना ती नव्हती.