उंदरांमधील विषाणुसंसर्ग आणि प्रतिपिंड प्रतिसाद

विषाणूचा संसर्ग झाल्यावर उंदराच्या शरीरात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. परंतु संसर्गाचा परिणाम तेवढ्यापुरता मर्यादित नसतो. प्रतिपिंडांचे एकूण प्रमाण, त्यांचा प्रकार आणि विषाणूशी संबंध नसलेल्या प्रतिजनांना मिळणारा प्रतिसादही बदलू शकतो. लॅक्टेट डिहायड्रोजनेज वाढवणारा विषाणू (एलडीव्ही) आणि लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस विषाणू (एलसीएमव्ही) ही याची विशेष अभ्यासलेली उदाहरणे होत.

एलडीव्ही

व्हर्नन रायली व सहकाऱ्यांनी १९६० साली उंदरांच्या २६ प्रकारच्या प्रायोगिक अर्बुदांशी निगडित असा एक संक्रमणशील घटक नोंदवला. अर्बुद असलेल्या उंदरांच्या रक्तात लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे विकर वाढलेले आढळे. त्याचे एक कारण हा विषाणू होता. रक्तातील हे विकर काढून टाकणाऱ्या मॅक्रोफेज (भक्षक) पेशी तो नष्ट करतो, त्यामुळे विकराची पातळी साधारणतः ५ ते १० पट होते. विषाणू रक्तात आयुष्यभर राहतो, तरीही उंदीर बहुधा निरोगीच दिसतो.

उंदरांमधील आयजीजी प्रतिपिंडांचे अनेक उपवर्ग आहेत. तुरटीवर्गीय सहायक द्रव्यासह प्रथिन टोचल्यास मुख्यतः आयजीजी१ निर्माण होते. विषाणुसंसर्गात मात्र आयजीजी२ए चे प्राबल्य असते, असे कुटेलिये व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये विविध विषाणूंबाबत दाखवले. टी पेशी व नैसर्गिक मारक पेशींपासून स्रवणारे गॅमा इंटरफेरॉन बी पेशींना या उपवर्गाकडे वळवते. एलडीव्हीच्या संसर्गाच्या सुमारास दुसरे एखादे प्रथिन टोचले, तर त्याविरुद्धची प्रतिपिंडेही आयजीजी२ए कडे झुकतात. शिवाय अनेक बी पेशी एकाच वेळी उद्दीपित होत असल्याने वाढलेल्या प्रतिपिंडांचा मोठा भाग विषाणूला ओळखतही नाही.

याचे परिणाम गंभीर ठरू शकतात. तांबड्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे असलेल्या उंदरांना एलडीव्हीचा संसर्ग झाल्यास मॅक्रोफेज पेशी अधिक सक्रिय होऊन प्रतिपिंड चिकटलेल्या रक्तपेशी गिळतात आणि तीव्र रक्तक्षय होतो. प्रतिपिंडे तीच असतात; बदलते ती त्यांचा वापर करणाऱ्या पेशींची क्रियाशीलता.

एलसीएमव्ही

जन्मापूर्वी वा जन्मतःच एलसीएमव्हीचा संसर्ग झालेले उंदीर विषाणूचे आजन्म वाहक बनतात. त्यांच्या रक्तात मुक्त प्रतिपिंडे सापडत नसत, म्हणून त्यांना विषाणूप्रती पूर्ण सहनशील मानले जाई. ओल्डस्टोन आणि डिक्सन यांनी १९६७ साली हा समज खोडून काढला: प्रतिपिंडे तयार होतात, पण विषाणूशी जोडलेली असतात आणि हे संयुग मूत्रपिंडात साचून तेथे दाह उत्पन्न करते.

प्रौढ उंदरांतील तीव्र संसर्ग मारक टी पेशी सुमारे आठवड्याभरात आटोक्यात आणतात. विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे मात्र कित्येक आठवड्यांनंतर दिसू लागतात. दीर्घकालीन संसर्गात प्रकार १ चे इंटरफेरॉन विषाणूविशिष्ट बी पेशींचा सुरुवातीलाच ऱ्हास घडवते, असे २०१६ मधील अभ्यासांत आढळले.

प्रयोगशाळेतील महत्त्व

एलडीव्हीने दूषित अर्बुदपेशी एका उंदरातून दुसऱ्यात टोचल्या की विषाणूही सोबत जातो आणि प्रतिपिंडांविषयीचे निष्कर्ष चुकू शकतात. त्यामुळे अशा पेशींची तपासणी केली जाते. हा विषाणू उंदराच्या विशिष्ट मॅक्रोफेज पेशींतच वाढतो. साहजिकच त्या पेशी नसलेल्या संवर्धनात अर्बुदपेशी काही काळ वाढवल्यास तो नाहीसा होतो.