टॉवर दूर, हँडसेट कानाशी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरताना मोबाइलविषयी दोन तक्रारी मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. एक, ‘आमच्याकडे रेंज नाही’. दुसरी, ‘टॉवर आमच्या वस्तीत नको.’ या दोन तक्रारींचा परस्परसंबंध तपासणे, हा या लेखाचा हेतू.

भीतीचे मूळ बरेचसे शब्दात आहे. मिरज हे दवाखान्यांचे शहर. तिथे ‘रेडिएशन’ म्हणजे कर्करोगावरचा उपचार, हे आसपासच्या खेड्यांतही ठाऊक असते. तोच शब्द मोबाइलला चिकटला. पण क्ष-किरण अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. मोबाइलच्या रेडिओलहरींची ऊर्जा त्या कामाला लाखो पटींनी अपुरी पडते. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीरातील ऊती किंचित तापणे. म्हणून हँडसेटची मर्यादा ऊतींत शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेवर ठरवतात. भारताने २०१२ साली ती किलोग्रॅममागे १.६ वॅट ठरवली. सरासरी एक ग्रॅम ऊतीवर काढायची. टॉवरसाठीही त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा हिस्सा धरला गेला : ९०० मेगाहर्ट्‌झला चौरस मीटरमागे ४.५ ऐवजी ०.४५ वॅट.

आता मुख्य मुद्दा. लहरी पसरत जातात, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. टॉवर शेकडो मीटरवर असतो, हँडसेट कानाला टेकलेला. शिवाय हँडसेट आपली शक्ती गरजेप्रमाणे बदलतो. टॉवर जवळ असेल तर तो कुजबुजतो, दूर असेल तर ओरडतो. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरकपारीत तो ओरडतो. मिरजेच्या सपाटीवर, टॉवरच्या सावलीत, कुजबुजतो. म्हणजे टॉवर हाकलून लावणारी वस्ती तोच फोन कानाला लावून बोलत असेल, तर स्वतःच्या डोक्याचा वाटा वाढवून घेते.

कर्करोगाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातले. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. पुढे याच संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

तरीही सावधगिरी स्वस्त आहे. रेंजची एकच दांडी दिसत असेल तर लांबलचक बोलणे टाळावे, किंवा स्पीकर अथवा वायरचा इअरफोन वापरावा. खिशातल्या वापराची चाचणी शरीरापासून काही मिलिमीटर अंतर सोडून केलेली असते. ते अंतर माहितीपत्रकात दिलेले असते. आपल्या फोनचा आकडा पाहायचा असेल तर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश अशी बटणे दाबावीत. बहुतेक फोन तो दाखवतात. गच्चीवरच्या अँटेनासमोर मात्र अगदी जवळ उभे राहू नये.

टॉवरचा विषय ग्रामसभेत आला, तर ‘हवा की नको’ यावर हात वर करण्याआधी मोजणी मागावी. दूरसंचार विभागाचे ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ २०१७ पासून त्यासाठीच आहे.