मोटरहोमची बॅटरी : हिवाळ्यातली निगा
कॅनडात हिवाळ्याचे चार-पाच महिने अनेक मोटरहोम जागेवर उभ्या असतात. या काळात इंजिनाची आणि राहत्या भागाची, दोन्ही बॅटऱ्या सांभाळाव्या लागतात.

• पूर्ण चार्ज करा : १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरल्यावर, विश्रांतीनंतर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही तग धरते. उतरलेली मात्र उणे १० अंशांच्या आसपासच गोठून फुटू शकते.

• तारा सोडवा : गाडी बंद असली तरी गॅस डिटेक्टर, रेडिओचं घड्याळ वीज खातच राहतात. आधी निगेटिव्ह तार काढा. जोडताना ती शेवटी लावा.

• महिन्याला तपासा : व्होल्टेज १२.४ वर आलं की पुन्हा चार्ज करा. बॅटरी उतरलेली राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते.

• पाणी पाहा : झाकणं उघडणाऱ्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्जिंगनंतर घाला. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हवा खेळती ठेवा.

• लिथियमचा नियम वेगळा : लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण निम्मी भरून ठेवा. हीटर नसेल तर शून्य अंशाखाली ती कधीही चार्ज करू नका.