‘आवरलं का?’

चिटगुप्प्यातल्या मराठी घरांत सकाळी सात ते आठच्या दरम्यान सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच असावा. विचारणारा दारात उभा असतो, पायांत चप्पल, बोटात मोटरसायकलची किल्ली. आतून उत्तर येतं, ‘झालंच!’ मग पाच मिनिटं जातात आणि प्रश्न पुन्हा येतो, या वेळी जरा वरच्या पट्टीत. नेमकं काय आवरायचं, ते मात्र विचारणारा सांगत नाही. मराठीत अंथरुणं आवरतात, ओटा आवरतात, पोरांचं आवरतात आणि सगळ्यांत शेवटी, वेणीफणी करून, साडी नेसून, स्वतःचंही आवरतात. कामं चार, क्रियापद एकच. दारातल्या माणसाला त्यातलं चौथंच तेवढं दिसतं, कारण ती आरशासमोर उभी राहते तेव्हाच तो घड्याळाकडे बघतो. बायकांना नटायला फार वेळ लागतो, हा विनोद तिथूनच जन्मतो.

चिटगुप्पा हे बिदर जिल्ह्यातलं गाव. पूर्वी हुमनाबाद तालुक्यात होतं, आता स्वतःच तालुक्याचं ठिकाण आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी बोलत इथल्या बायकांचा दिवस जातो. शाळा, दवाखाना, बँक, अंगणवाडी, कॉलेज यासाठी रोज हुमनाबाद किंवा बिदरची वाट धरणाऱ्याही पुष्कळ. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट लागत नाही. तिकिटाचे पैसे वाचले, पण गर्दी वाढली. बसायला जागा हवी तर थांब्यावर आधी पोचावं लागतं आणि ती दहा मिनिटं सकाळच्याच खात्यातून जातात.

बिदरकडे नोकरीला जाणाऱ्या एखाद्या शिक्षिकेची सकाळ कागदावर मांडून पाहावी. पाचला उठणं, नळाचा दिवस असेल तर पाणी भरणं, ज्वारीच्या भाकऱ्या, भाजी, तीन डबे, सासूबाईंचा चहा, दोन मुलींच्या दोन-दोन घट्ट वेण्या आणि त्यांवर रिबिनी. या सगळ्यानंतर तिची आंघोळ दहा मिनिटं धरू, साडी सात, वेणी पाच. पावडर-टिकलीला दोन मिनिटं म्हणजे चैनच झाली. काजळ बसमध्ये, मोबाईलचा कॅमेरा उलटा करून. खड्डा चुकला तर सरळ, नाहीतर रुमालाने पुसून पुन्हा. गजरा शाळेच्या फाटकाशी.

या तुकड्यांची बेरीज करणारी यंत्रणा देशात आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. दुसऱ्या फेरीत सुमारे १ लाख ३९ हजार घरांतल्या साडेचार लाखांवर माणसांना विचारलं गेलं की कालच्या दिवसात तुम्ही काय काय केलंत. दिवस पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ कप्प्यांचा. आंघोळ, वेणी, दाढी, झोप, जेवण, आजारपणातली स्वतःची देखभाल हे सगळं ‘स्वतःची काळजी’ या एका खात्यात पडतं.

तर २०२४ मध्ये या खात्यावर पुरुषांचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला ७१० मिनिटं. बायकांचा ७०६.

चार मिनिटांचा फरक काही मोठा नाही, पण त्याची दिशा बघण्यासारखी आहे. नटण्यामुरडण्यात अर्धा दिवस घालवतात असं जिच्याबद्दल म्हटलं जातं, तिची झोप, जेवण, आंघोळ आणि सगळा नट्टापट्टा मिळूनही बेरीज पुरुषापेक्षा कमीच भरते. तिचा वेळ जातो कुठे, याचं उत्तर त्याच पाहणीत दुसऱ्या ओळीवर आहे. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाची सरासरी २८९ मिनिटं देतात आणि असं काम करणारे पुरुष ८८. त्यातही अशी कामं करणाऱ्या बायका शंभरात ऐंशीच्या वर आहेत, पुरुष सत्तावीसच्या आसपास.

पाहणीच्या हिशेबात आणखी एक खाच आहे. एका कप्प्यात अनेक कामं झाली असतील तर दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेलीच नोंदली जातात. म्हणजे दोन मिनिटांची टिकली आणि पाच मिनिटांची वेणी मोठ्या कामाच्या पोटात गडप. मुलींच्या वेण्या ‘बालसंगोपना’त जातात, आईच्या सौंदर्याशी त्यांचा संबंध नाही. आणि रविवारी केसांना मेंदी थापून, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून ती भाकऱ्या थापत असेल, तर तो तास नटण्याचा की स्वयंपाकाचा? दोन्हीचा. पण तास एकच आहे आणि चूल पेटलेली आहे.

खाती कशी पाडावीत हा घोळ फक्त पाहणीवाल्यांचा नाही. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘विको’ कंपनीचं हळदीचं क्रीम सौंदर्यप्रसाधन आहे की आयुर्वेदिक औषध, यावरून अबकारी खात्याशी झालेला वाद वर्षानुवर्षं चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २००४ मध्ये औषध म्हणून मिटला. आपल्या आज्या हळद-साय चेहऱ्याला लावताना हा प्रश्न विचारत नव्हत्या.

खाती रुंद केली की आकडे कसे फुगतात, तेही पाहावं. पोलंडच्या मार्ता कोवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९३ देशांतल्या ९३ हजारांहून अधिक लोकांना विचारून काढलेल्या अभ्यासात बायका रोज जवळजवळ चार तास दिसण्यावर खर्च करतात असं निघालं. ऐकून दारातला माणूस खूश होईल. पण त्या चार तासांत अंगाची स्वच्छता होती, कपडे होते, दिसण्यासाठी केलेला व्यायाम आणि पथ्याचं खाणंही होतं. आणि पुरुषांचा आकडा? ३.६ तास.

चिटगुप्प्याच्या बायकांना खरं तर इतक्या दूर जायची गरज नाही. हुमनाबाद ओलांडून पश्चिमेला गेलं की बसवकल्याण लागतं, चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच भाग, प्रत्येकाचे वीस अध्याय. त्यातला एक अख्खा भाग राजाच्या उपभोगांचा आहे: सुगंधी तेलाने मर्दन, स्नान, अंगाला उटी, तांबूल, वस्त्रं, फुलांच्या माळा, अलंकार. कशानंतर काय, कुठल्या ऋतूत कोणती उटी, सगळं तपशीलवार. या मुलखातलं साजशृंगाराचं सर्वांत मोठं वेळापत्रक पुरुषाचं आहे, आणि त्याला डबे भरायचे नव्हते.

याच सोमेश्वराच्या वडिलांच्या, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याच्या काळातलं एक देऊळ हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगवी गावात आहे. त्याच्या बाह्यभिंतीवर मदनिकांच्या मूर्ती आहेत. देवळांच्या भिंतींवर मदनिका आरसा धरून उभी राहते, भांगात बोट घालते, पायातला काटा काढते. जलसंगवीतली सगळ्यांत गाजलेली मदनिका मात्र लिहिते आहे. गळ्यात हार, कमरेला मेखला, केसांचा देखणा अंबाडा, सगळा साज अंगावर; आणि हात विक्रमादित्याच्या स्तुतीचा संस्कृत श्लोक उमटवण्यात गुंतलेला. आवरून कामाला लागलेल्या बाईचं इतकं जुनं चित्र या भागात दुसरं क्वचितच असेल. मूर्तिकाराने अंबाड्यावर किती दिवस घालवले असतील कोण जाणे. तिचा वेळ तरी वाचला.

वेळ वाचवण्याचं आश्वासन बाजाराने पुढे सगळ्याच बायकांना दिलं. केस धुणं हे पूर्वी आठवड्याचं एक मोठं काम होतं. शिकेकाई आणि रिठे आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, गाळायचे. न्हाऊन झालं की उन्हात केस वाळवायचे, धुपावर धरायचे. शिकेकाईची कमाल अशी की बोअरच्या जड पाण्यातही ती काम करते. साबण तिथे फेसाऐवजी पांढरा साका करतो आणि तो केसांवर बसतो. पण वेळ जायचा तो जायचाच. त्यावर उतारा आला तमिळनाडूतल्या कडलूरहून. चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत विकायची कल्पना काढली आणि त्यांचा मुलगा सी. के. रंगनाथन याने १९८३ मध्ये सुरू केलेल्या धंद्यातून आलेल्या ‘चिक’च्या पुड्या खेड्यापाड्यांतल्या किराणा दुकानांत माळेसारख्या लोंबू लागल्या. जड पाण्यातही फेस, दहा मिनिटांत न्हाणं आटोपलं.

मग वाचलेला वेळ गेला कुठे? आठवड्यातून एकदा धुतले जाणारे केस दोनदा, तीनदा धुतले जाऊ लागले. तेल लावून चापून बसवलेली वेणी कॉलेजात ‘काकूबाई’ ठरली. मोकळे केस ठेवायचे तर ते रोज नीट दिसले पाहिजेत. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्येच ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात हेच घरकामाबद्दल दाखवलं होतं: यंत्रं आली, पण स्वच्छतेची अपेक्षाही वाढली आणि बाईचे तास तेवढेच राहिले. धुलाईयंत्राबद्दल जे खरं, ते शाम्पूच्या पुडीबद्दलही खरं दिसतं.

पार्लरची गोष्ट याहून थोडी गुंतागुंतीची आहे. सीमाभागातल्या लहान गावांतही आता राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पार्लर सापडतं: एक खुर्ची, एक मोठा आरसा, दाराला पडदा. ‘आयब्रो करून येते’ म्हणून निघालेली बाई दहा-पंधरा मिनिटांच्या कामाला तासाभराने परतते. आधी दोघी बसलेल्या असतात, दरम्यान चहा होतो, कुणाच्या तरी जावेचा विषय निघतो. हा तास सौंदर्याच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. कट्टा, टपरी, पार या जागा गावाने पुरुषांना दिल्या; बायकांना कारणाशिवाय बसता येईल अशी जागा नव्हती. भुवयांनी ते कारण दिलं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी हातावर मेंदी काढून घेणाऱ्या मुलीला तर दोन-तीन तासांची राजरोस सुटी मिळते, कारण ओल्या मेंदीच्या हाताला कुणी भांडी घासायला सांगत नाही.

तरी हे सगळं मौजेचं म्हणून सोडूनही देता येत नाही. जॅकलिन वाँग आणि अँड्र्यू पेनर या समाजशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या चौदा हजारांहून अधिक तरुण माणसांची माहिती तपासली. आकर्षक मानली गेलेली माणसं सरासरीपेक्षा सुमारे वीस टक्के अधिक कमावत होती. पण बायकांच्या बाबतीत हा फायदा जवळजवळ सगळा टापटिपीचा होता, म्हणजे केस, चेहरा, कपडे नीट ठेवण्याचा. पुरुषाला टापटिपीचा फायदा होतो, पण तिच्याइतका सगळा भार त्यावर नसतो. इथल्या शाळेत किंवा दुकानाच्या गल्ल्यावर कुणी असा अभ्यास केलेला नसला तरी चुरगळलेली साडी नेसून आलेल्या बाईंना काय ऐकावं लागतं आणि चुरगळलेल्या शर्टातल्या सरांना काय, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. कामावर जाण्यासाठी केलेलं आवरणं हे कामच आहे. त्याची हजेरी लागत नाही, एवढंच.

आणि ज्यांना आवरूच दिलं जात नव्हतं, त्यांचं काय? नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, फुलं वर्ज्य. काही जातींत केसही काढायचे. वेळेच्या भाषेत बोलायचं तर आरशासमोरचा तिचा वेळ समाजाने शून्यावर आणून ठेवला होता. केशवपनाविरुद्ध १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनीच वस्तरा खाली ठेवायचा निर्धार केला होता. बाकीच्या प्रथा मात्र टिकून राहिल्या, इतक्या की कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेला मे २०२२ मध्ये त्या बंद करण्याचा ठराव करावा लागला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. टिकलीची दोन मिनिटं कुणाला मोठी वाटत असतील तर त्याने हेरवाडचा ठराव वाचावा.

आता रविवार सकाळ. चिटगुप्प्यात सलूनच्या बाकावर चार-पाच जण नंबर लावून बसलेले. केस, दाढी, मग ‘जरा डोक्याची मालिश’, त्यात मान कडकन वाजवून घेणं. बसल्या बसल्या राजकारण होतं, तुरीचा भाव होतो, हुमनाबादचा चहा चांगला की बिदरचा, हेही होतं. घरून निघाल्यापासून दीड तास झालेला असतो. फोन वाजला तर ‘आलोच’ म्हणायचं. घरी ती डोक्याला पिशवी बांधून भाकऱ्या थापते आहे, मेंदी धुवायला अजून अर्धा तास आहे आणि ‘आवरलं का?’ हे तिला त्याला विचारायचं राहूनच गेलं आहे. सलूनच्या बाकावर आज आलेल्या पेपरची पानं सुटी होऊन पडलेली असतात. पुरवणी बहुधा गुडघ्यावर पसरलेली असते, गिऱ्हाइकाच्या केसांचे तुकडे तिच्यावर पडत असतात.